बारा व्हॉल्व्हच्या कमिन्सची ओढ वाढवताना

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गाडी १९९७ ची डॉज रॅम २५००, पाच गिअरची मॅन्युअल, आत ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हचं कमिन्स, आणि डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने ट्रेलर घेऊन आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना ओढ कमी पडते. तू विचारलंस की इंजेक्शन पंपातली, इंधनाची मर्यादा ठरवणारी प्लेट बदलली की काम होईल ना. ताकद वाढेल, पण प्लेट हे शेवटून दुसरं काम आहे. तू ते पहिलं करायला निघालास, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिनाबद्दल शंका ठेवू नकोस. बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२०, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, सात मेन बेअरिंग, कॅम आणि पंप दोन्ही गिअरवर. याच घराण्याचं ५.९ जमशेदपूरला टाटा कमिन्सने बनवलं आणि आपल्याकडचे टाटाचे ट्रक त्यावर चालले. (तिथून स्वस्तात नोझल पाठवू का, असं मात्र विचारू नकोस. घराणं एक असलं तरी नोझलची भोकं, पंप आणि टायमिंग प्रत्येक रेटिंगला वेगळं असतं.) तुझ्या मॅन्युअल गाडीत फॅक्टरीची २१५ हॉर्सपॉवर २६०० आरपीएमला आणि ४४० फूट-पाउंड टॉर्क १६०० ला मिळतो. ब्लॉक, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडना याच्या दीडपट सहज झेपतं. आधी मरतात पिस्टन, क्लच आणि गिअरबॉक्स. पिस्टन मरतात उष्णतेने, आणि तुझ्या चढावर हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

तू लक्ष्य ३०० लिहिलंस. मी २७५ म्हणतो, आणि हिशेब मांडून सांगतो. डिझेलला एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण १६० ग्रॅम इंधन लागतं. २७५ ला तासाला ४४ किलो, म्हणजे मिनिटाला ०.७३ किलो. धूर न होता आणि तापमान हाताबाहेर न जाता जाळायचं तर एक किलो डिझेलला २२ किलो तरी हवा हवी. म्हणजे मिनिटाला १६ किलो. २६०० आरपीएमला इंजिन मिनिटाला साडेसात घनमीटरांच्या थोडं वर आकारमान गिळतं. डेन्व्हरला २४ पीएसआय बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि इंटरकूलरनंतर ६० अंश सेल्सिअस धरलं तर त्यात साडेसतरा किलोच्या आसपास हवा बसते. जमलं, थोडं शिल्लक राहिलं. पण बोगद्याजवळ, ३४०० मीटरवर, बाहेरची हवाच मुळात विरळ. समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय असतो तो दाब डेन्व्हरला १२.१ आणि बोगद्यापाशी ९.७ च्या आसपास. टर्बोला गेजवरचा आकडा कळत नाही, त्याला आत आणि बाहेरच्या दाबाचं गुणोत्तर कळतं. गेजवर २४ दिसताना समुद्रसपाटीला ते गुणोत्तर २.६ असतं, डेन्व्हरला ३, आणि वर साडेतीन. फ्लोरिडात कोणी तुझ्याच होलसेट एचएक्स३५ टर्बोवर ३२ पीएसआय चालवतो म्हणून तू तेच लावलंस, तर तुझा टर्बो वर चारच्या पुढच्या गुणोत्तरावर फिरेल. चाक मर्यादेबाहेर पळेल, हवा दाबण्याऐवजी तापवेल, आणि पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं गेज, चढत जाईल. म्हणून तुझ्यासाठी बूस्ट २४-२५ आणि ताकद २७५. चढाच्या शेवटच्या टप्प्यात त्यातले २३०-२४० हातात राहतील, आणि ते आहे तसं स्वीकारायचं.

आता पहिलं काम, ज्याने ताकद अजिबात वाढत नाही. पुढच्या गिअर केसमध्ये, ती ब्लॉकवर जागच्या जागी बसावी म्हणून एक पोलादी डोवेल पिन ठोकलेली असते. कंपनांनी ती सैल होऊन हळूहळू बाहेर येते आणि गिअरमध्ये पडते. पडली की केस फुटते, कधी टायमिंगच जातं. तिकडे तिला ‘किलर डोवेल पिन’ म्हणतात, आणि ते नाव खरं आहे. फॅन, बेल्ट, क्रँकचा डॅम्पर आणि पुढचं कव्हर काढ, पिन परत आत बसव आणि शेजारच्या बोल्टखाली पोलादी पट्टी लाव, म्हणजे पिन बाहेर येऊच शकणार नाही. बोल्टला लॉकटाइट लाव. केसचे बाकीचे बोल्टही तपास, त्यातले काही हमखास ढिले निघतात. पुढचं नवं ऑइल सील बसवताना क्रँक आणि सीलची ओठाची बाजू पूर्ण कोरडी ठेव. आपल्या हाताला सवय असते सीलला तेल लावून बसवायची, पण हे सील तेल लावलं की गळतं.

दुसरं काम तीन गेजांचं, आणि यात पैसे वाचवू नकोस. पायरोमीटरचा प्रोब एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी बसव. टर्बोनंतर लावणं सोपं असतं, पण भार असताना तिथला आकडा २०० ते ३०० अंश फॅरनहाइट कमी दिसतो, आणि तो फरक प्रत्येक वेळी वेगळा असतो. भोक पाडताना टर्बो काढून ठेव, ड्रिलला आणि टॅपला भरपूर ग्रीस लाव, नंतर चुंबक फिरव. एक कीस जरी टर्बाइनच्या पात्यांवर गेला तरी टर्बो गेला. लांब चढावर १२५० अंश फॅरनहाइट ही तुझी रेषा. ओव्हरटेक करताना क्षणभर १३०० दिसलं तर घाबरू नकोस, पण मिनिटभर तिथे राहिलं तर पाय उचल आणि गिअर खाली घे. गाडी थांबवल्यावर ३५० च्या खाली येईपर्यंत आयडलिंगला ठेव, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल करपतं. दुसरं गेज बूस्टचं, शून्य ते ६० पीएसआय, इनटेक मॅनिफोल्डवरून. तिसरं इंधनाच्या दाबाचं, फिल्टरच्या पुढे. पंपाचे धक्के साध्या गेजची सुई मोडतात, म्हणून मध्ये नीडल व्हॉल्व्ह टाक. डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नकोस, विजेवर चालणारा सेंडर वापर.

हे गेज लागलं की पहिला उलगडा तिथेच होईल असं मला वाटतं. तुझ्या पी७१०० इंजेक्शन पंपाला, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाकडून, आयडलिंगला १७ ते २२ आणि २५०० ला २५ ते ३० पीएसआय मिळायला हवा. इतक्या जुन्या गाडीत तो बऱ्याचदा १२-१५ असतो. मग पंपातल्या, इंधन ढकलणाऱ्या प्लंजरची जागा पूर्ण भरत नाही आणि पंपात काहीही बदल न करता ताकद गेलेली असते. तीन जागा बघ. पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, ज्याची स्प्रिंग दमते आणि दाब टाकीकडे परत सोडून देते. टाकीपासून येणाऱ्या रबरी नळ्या, ज्यांतून डिझेल बाहेर गळत नाही पण हवा आत जाते, सकाळी गाडी उशिरा सुरू होते ती यामुळे. आणि फिल्टरच्या आधीची जाळी. ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह नवाच टाक, स्प्रिंग ताणून दाब वाढवण्याचा जुगाड फार दिवस टिकत नाही. फीड पंपाला हात शेवटी लाव.

त्याच दिवशी टॅपेट सेट कर, इंजिन थंड असताना. इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२०. एक नंबर कॉम्प्रेशनवर टॉपला आणून इनटेक १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५. मग क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून इनटेक ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. इंटरकूलरच्या नळ्यांची चाचणीही करून टाक. टर्बोच्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरने २० पीएसआय हवा भर आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मार. एक जरी बूट फाटका असला तरी वर लिहिलेला सगळा हवेचा हिशेब कागदावरच राहतो. चाचणी करताना तोंडासमोर उभा राहू नकोस, बूच उडालं तर गोळीसारखं जातं.

हवेच्या बाजूला फार खर्च नाही. मोठा कागदी एअर फिल्टर घे, तेल लावलेला जाळीदार नको, कोलोरॅडोच्या धुळीत तो टर्बोची पाती खातो. एक्झॉस्ट टर्बोपासून मागे ४ इंची कर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र राहू दे, तो काढणं तुमच्या संघीय कायद्याने बेकायदा आहे, आणि डेन्व्हरच्या पट्ट्यात डिझेल गाड्यांची धुराची चाचणी असते. पंपाचे आणि टर्बोचे भाग घेतानाही ते रस्त्यावरच्या गाडीला चालतात का, हे विकणाऱ्याकडून लेखी घे. बूस्ट वाढवायला वेस्टगेटच्या (बूस्टला मर्यादा घालणाऱ्या झडपेच्या) नळीत ॲडजस्ट होणारी एल्बो मिळते. पाव-पाव फेरा फिरव आणि प्रत्येक वेळी चौथ्या गिअरमध्ये, भार असताना, गेज पाहा. रिकाम्या गाडीवर लावलेलं बूस्ट ट्रेलर लागला की बदललेलं दिसतं.

क्लचचा विषय तुला नको होता, पण टाळता येणार नाही. २७५ हॉर्सपॉवरला १८०० च्या आसपास टॉर्क ६०० फूट-पाउंडांच्या वर जाईल. फॅक्टरीचा जुना क्लच तिथे घसरायला लागतो, आणि घसरतो तो नेमका पाचव्यात, चढावर. एकदा घसरून तापला की फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात, मग नुसती प्लेट बदलून उपयोग नसतो. ऑर्गॅनिक अस्तराचा, एका प्लेटचा, जास्त दाबाची प्रेशर प्लेट असलेला सेट घे. सिरॅमिकच्या गोट्या लावलेला नको. तो झटक्याने पकडतो, आणि ट्रेलर घेऊन पार्किंगमध्ये मागे-पुढे करताना गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्टला धक्के देतो.

गिअरबॉक्स तुझा एनव्ही४५००. त्यातलं प्रसिद्ध दुखणं म्हणजे मागच्या टोकाला पाचव्या गिअरचा नट. कमी आरपीएमवर जास्त टॉर्क दिला की सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाचा हिसका त्या शाफ्टला बसतो, नट सैल होतो, गिअर मागे सरकतो आणि एक दिवस पाचवा मिळेनासा होतो. कुलूपबंद होणारा सुधारित नट मिळतो, क्लचसाठी बॉक्स खाली आणशील तेव्हाच टाक. आणि ट्रेलर असताना पाचव्यात १८०० च्या खाली कधीच ओढू नकोस.

गिअरचे आकडे इथे कामाचे आहेत. तिसरा १.६७, चौथा १.००. तिसऱ्यातून २६०० ला गिअर बदललास तर चौथ्यात इंजिन १५५० वर येतं. तिथे टर्बो झोपलेला, म्हणून धूर, तापमान आणि परत तिसरा. तुझी खरी तक्रार ही आहे, हॉर्सपॉवरची नंतर. पंपाच्या गव्हर्नरमध्ये (कमाल आरपीएम ठरवणाऱ्या भागात) तीन हजारांच्या स्प्रिंग टाकल्या तर तिसरा ३००० पर्यंत ओढता येतो आणि चौथा १८०० वर पकडतो, जिथे बूस्ट तयार असतं. माझ्या मते तुझ्या कामाला सगळ्यात जास्त फायदा या स्प्रिंगांचा होईल, प्लेटपेक्षाही. दोन्ही बाजूंच्या नटांच्या टिचक्या मोजून सारखे बसव, एका बाजूला एक टिचकी कमी-जास्त झाली तर आयडलिंग डुलतं. ४००० च्या स्प्रिंग घेऊ नकोस, तुझा तिथे काही संबंध नाही. यासोबत व्हॉल्व्हच्या ६० पाउंडी स्प्रिंग टाक. ३००० ला आणि वाढलेल्या बॅकप्रेशरला फॅक्टरीच्या स्प्रिंग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसू देत नाहीत. दुसरा फायदा असा की याच स्प्रिंगांमुळे एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्टची वाट अडवून गाडी रोखणारा) पूर्ण दाबाने वापरता येतो. बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांपर्यंत उतार आहे, आणि ट्रेलर मागून ढकलत असतो. वाचवलेल्या पैशातून एक्झॉस्ट ब्रेक घे, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता प्लेट. ॲक्सिलरेटर दाबलास की पंपाचा रॅक, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी दांडी, पुढे सरकतो आणि त्याच्याबरोबरचा हात या प्लेटच्या कडेला टेकतो. कोणत्या आरपीएमला जास्तीत जास्त किती इंधन, हे त्या कडेचा आकार ठरवतो. प्लेट पुढे सरकवली की इंधन वाढतं. तुझी मूळ प्लेट आधी आहे त्या जागेवर कोरून खूण कर, मग थोडी-थोडी पुढे घे. २७५ साठी बहुतेक एवढंच पुरेल. नाही पुरलं तर दहा नंबरची प्लेट, आणि तीही मागे सरकवून सुरुवात कर. प्लेट काढूनच टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, रॅक मोकळा सुटला की तापमानावर लगाम फक्त तुझ्या पायाचा उरतो, आणि चढावर पाय थकतो. वरची एएफसीची पेटी काढायला एका बोल्टचं डोकं फॅक्टरीने मुद्दाम तोडलेलं असतं. छिन्नीने हळूहळू फिरवून तो काढ आणि जागी साधा बोल्ट लाव.

एएफसी म्हणजे बूस्ट येईपर्यंत इंधन रोखून धरणारा डायफ्राम. आतलं चांदणीच्या आकाराचं चाक स्प्रिंगचा ताण बदलतं, बाहेरचा स्क्रू बूस्ट येण्याआधीचं इंधन ठरवतो. चाक दोन दात फिरव, गाडी चालव, आरशात बघ. टर्बो जागा होताना धुराची हलकी छटा दिसली तर बरोबर. काळा लोट निघत असेल तर ते न जळलेलं डिझेल आहे, त्यातून ओढ मिळत नाही, आणि मुद्दाम धूर सोडायला कोलोरॅडोत २०१७ पासून कायद्याने मनाई आहे. पेटी परत बसवल्यावर, सुरू करण्याआधी, ॲक्सिलरेटरचा आणि बंद करण्याचा असे दोन्ही लिव्हर हाताने फिरवून बघ. रॅक शून्यावर येतोय याची खात्री होईपर्यंत स्टार्टरला हात लावू नकोस. पहिल्यांदा सुरू करताना इनटेकच्या तोंडाशी एक माणूस जाड फळी घेऊन उभा कर. इंजिन पळालं तर हवा बंद करणं हा खात्रीचा उपाय, आणि तिथे हात किंवा फडकं लावायचं नाही. फीड पंपावरचं रबरी बटण दाबून हवा काढ, नोझलकडचे नट ढिले करून क्रँक कर. एका वेळी ३० सेकंदांच्या वर नाही, मध्ये दोन मिनिटं स्टार्टरला थंड होऊ दे.

सगळ्यात शेवटी टायमिंग, म्हणजे पिस्टन टॉपला पोचायच्या किती अंश आधी इंधन येतं ते. गिअर केसवरच्या पाटीवर तुझ्या इंजिनाचा आकडा लिहिलेला असेल, १२-१३ अंशांच्या आसपास. तो १४.५ ते १५ वर न्यायचा, पुढे नाही. इंधन थोडं आधी आलं की जास्त भाग पिस्टनवर जळतो, एक्झॉस्टमध्ये कमी, म्हणून पायरोमीटर खाली येतो. त्याच वेळी सिलिंडरमधला कमाल दाब वाढतो, आणि तो सोसतं हेड गॅस्केट. पार्ट्यांमध्ये ज्या २० अंशांच्या गोष्टी ऐकू येतात त्या हेड स्टड टाकलेल्या, रेसच्या इंजिनांच्या आहेत. तुझ्या दाबाला फॅक्टरीचे हेड बोल्ट पुरतात. टॉप शोधायला केसवरच्या प्लास्टिकच्या पिनवर विसंबू नकोस, डायल गेजने शोध. मग एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून प्लंजरची उचल मोजायची आणि तक्त्यावरून अंश काढायचे. पंपाचा गिअर शाफ्टच्या निमुळत्या टोकावर फक्त घर्षणाने धरलेला असतो, त्याला चावी नसते. पुलरने सोडव, क्रँक हव्या त्या अंशावर आण, शाफ्ट आणि गिअरचा आतला भाग ब्रेक क्लीनरने दोन-तीनदा पुसून काढ. तिथे तेलाचा नुसता हात लागला तरी गिअर सरकतो, टायमिंग मागे पडतं, आणि गाडी अचानक मरगळते. नट आवळताना पिन आत राहिली तर ती तुटते. आवळून झाल्यावर दोन फेरे फिरवून परत मोज.

हे काम पहिल्यांदा डिझेलचे इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानातच करून घे, उरलेलं तुझ्या गॅरेजमध्ये होण्यासारखं आहे. मोठे नोझल, दुसरे डिलिव्हरी व्हॉल्व्ह, दुसरा टर्बो, यातलं काही विकत घेऊ नकोस. असलेले नोझल मात्र एकदा बेंचवर तपासून सगळ्यांचा उघडण्याचा दाब सारखा करून घे, एक जरी थेंब गाळत असला तरी त्याच सिलिंडरचा पिस्टन करपतो.

गिअर केसवरच्या पाटीचा फोटो पाठव, त्यावरचा सीपीएल नंबर (इंजिनात कोणते भाग आहेत ते सांगणारा) आणि टायमिंग वाचता येईल असा. आणि गेज लागले की काहीही न बदलता एकदा ट्रेलर घेऊन वर जा. आयडलिंगचा आणि चढावरचा इंधनाचा दाब, सगळ्यात जास्त बूस्ट, सगळ्यात जास्त तापमान आणि त्या वेळचा गिअर नि आरपीएम, एवढे आकडे लिहून पाठव. प्लेट किती सरकवायची ते त्यावरून सांगतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश